टॉवेलांच्या गोदामातला आवाज

हिरेमठ सर फोन उचलल्यावर ‘हॅलो’ म्हणत नसत. फोन कानाला लावायचा आणि गप्प राहायचं, ही त्यांची पद्धत. पलीकडचा माणूस दोन-तीनदा ‘हॅलो, हॅलो’ करून वैतागायचा आणि तो ज्या भाषेत वैतागेल त्या भाषेत सर बोलायला लागायचे. कन्नडमध्ये वैतागला तर कन्नड, तेलुगूत तर तेलुगू, आणि सोलापुरी उर्दूत वैतागला तर सरांची स्वारी विशेष खुलायची. नव्या माणसाला वाटायचं, फोनच बिघडलाय. मी त्यांना एकदा म्हटलं, सर, निदान ‘हं’ तरी म्हणत जा. तर म्हणाले, “देशपांडे, आपण आधी बोललो की समोरच्याला आपल्या भाषेत यावं लागतंय. मग तो निम्मंच सांगतो.” एवढं बोलून त्यांनी डबा उघडला आणि शेंगाचटणीची वाटी माझ्याकडे सरकवली. विषय संपला.

आमचा टॉवेलचा कारखाना शहराबाहेर एमआयडीसीत आहे. नाव सांगत नाही, सांगण्याची गरजही नाही. तिथल्या प्रशिक्षण विभागात आम्ही दोघंच होतो. दारावर पाटी मोठी, पण खोली कॅन्टीन आणि सायकल स्टँडच्या मधली. सकाळी अकरानंतर तिथं शिकवण्यापेक्षा फोडणीचा वासच जास्त असायचा. नव्या कामगारांना सर शिकवायचे आणि मी कॉम्प्युटर सांभाळायची. म्हणजे हजेरी, निकाल, प्रमाणपत्रं आणि पुढे आलेली ती टॅबलेटवरची भानगड.

सर उंच होते, किडकिडीत होते. कपाळावरचे भस्माचे तीन पट्टे सकाळी ठसठशीत असायचे, दुपारच्या जेवणापर्यंत घामानं त्यांचा एक व्हायचा. मागांच्या शेडमध्ये शिरण्याआधी ते दारात थांबायचे. घड्याळ काढून खिशात, अंगठी काढून खिशात, बाह्या कोपरापर्यंत वर. साहेब बरोबर असोत, पाहुणे असोत, मंत्री येणार असोत, दारातली ही पूजा झाल्याशिवाय पाय आत पडायचा नाही. पाहुण्यांनाही ते अंगठ्या काढायला लावत. एका पाहुण्याची अंगठी निघेना, तर सरांनी कॅन्टीनमधून साबण मागवला.

आणि त्यांचा आवाज. अक्कलकोटच्या बाजूच्या एका गावात त्यांच्या वडिलांचं मठात प्रवचन असायचं, तो वारसा असणार. खालच्या पट्टीतला, जाडसर, अजिबात घाई नसलेला आवाज होता तो. मागांच्या खडखडाटात आम्ही ओरडून बोलायचो आणि तरी ऐकू जायचं नाही. सर ओरडायचे नाहीत, तरी त्यांचं ऐकू यायचं. असं का, ते मला आजवर कळलेलं नाही.

घरची भाषा कन्नड, शाळा मराठी. टेक्स्टाइलचा डिप्लोमा करून ते कारखान्यात लागले तेव्हा शेडमध्ये सगळे विणकर तेलुगू बोलणारे. ती भाषा कशी शिकलात, असं कुणी विचारलं की सर म्हणायचे, “आधी शिव्या, मग आजारपणं, मग यंत्र.” ह्या क्रमानं शिकलेली भाषा पक्की बसते, असं त्यांचं मत होतं.

त्यांच्या शिकवण्यात फळा नव्हता. एक खेळ होता. नव्या बायका-पुरुषांना पहिल्याच दिवशी ते सांगत की मी कधीही, कुठंही टाळी वाजवीन. टाळी ऐकली की हातातलं टाकून दोन्ही हात वर, बोटं उघडी. जो शेवटचा, त्यानं सगळ्यांना पाणी आणून द्यायचं. मग सर टाळी वाजवायचे ती भलत्याच वेळी. जेवताना, गेटवर तपासणीच्या रांगेत, पगाराच्या दिवशी. एकदा एसटी स्टँडवर त्यांनी कुणाला तरी बोलवायला टाळी वाजवली, तर फलाटावरच्या चार अनोळखी बायकांनी पिशव्या खाली टाकून हात वर केले. त्या आमच्याच जुन्या कामगार होत्या. लोक बघत राहिले आणि सर शरमेनं लाल झाले.

हा खेळ पोरकट आहे, असं नव्या साहेबांना वाटायचं. मलाही सुरुवातीला तसंच वाटलं होतं. मग एकदा सरांनी, मी न विचारता, सांगितलं. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात त्यांच्या शेजारच्या मागावर काम करणाऱ्या मित्राची बोटं गेली होती. बटण दाबून यंत्र थांबवायला माणसं धावली, पण त्या मित्रानं हात ओढून घेतला नाही. धागा तुटेल म्हणून तो धरून राहिला. “डोक्याला सगळं माहीत असतंय हो,” सर म्हणाले, “पण डोकं उशिरा येतंय. हाताला शिकवायला पाहिजे.” पुन्हा त्या मित्राचं नाव त्यांनी कधी काढलं नाही.

अशा माणसाच्या खात्यात एक दिवस टॅबलेट आले. पुण्याच्या कंपनीची दोन तरतरीत मुलं ते घेऊन आली होती. आता प्रशिक्षण म्हणजे गेम, असं त्यांनी सांगितलं. टॅबलेटवर एक कारखाना, त्यात हेल्मेट घातलेली एक गोरीगोमटी मुलगी. तिला मागांमधून सुखरूप न्यायचं. प्रश्न येणार, उत्तर बरोबर आलं तर तारे मिळणार, तीन तारे झाले की पुढची पायरी. कॅन्टीनमधल्या टीव्हीवर सगळ्यांची नावं ताऱ्यांसकट झळकणार. मला वाटलं, सर नाक मुरडतील. पण ते लहान मुलासारखे टॅबलेटवर वाकले आणि जेवायची सुट्टी संपली तरी उठेनात. त्या हेल्मेटवालीचा पदर, केस, बांगड्या काहीच कसं नाही, एवढी एकच तक्रार त्यांनी केली.

पहिल्या आठवड्याचा निकाल लागला आणि पहिल्या पाळीतल्या सगळ्या बायकांना पैकीच्या पैकी तारे. मॅनेजर साहेबांनी पेढे मागवले. सर मात्र टीव्हीकडे बघत हनुवटी खाजवत बसले. चौकशी केल्यावर कळलं की सगळे टॅबलेट लक्ष्मक्कानं एकटीनं खेळले होते. लक्ष्मक्का म्हणजे आमच्या शेडमधली जुनी विणकरीण, पद्मशाली म्हणजे विणकर समाजातली, तेलुगू बोलणारी. ठेंगणी, ठाम आणि कुणालाही न घाबरणारी. तिला गेम जमला होता, बाकीच्यांना जमत नव्हता, म्हणून तिनं सगळ्यांचा खेळून टाकला. साहेबांनी तिला खोलीत बोलावलं. ही फसवणूक आहे हे समजतं का, असं विचारलं. ती खरोखरच गोंधळली. म्हणाली, “शेजारची पाण्याला गेली की तिचा माग आपणच बघतो की साहेब. हे पण तसंच समजलो आम्ही.”

साहेबांना तिला मेमो द्यायचा होता. सरांनी तो थांबवला, पण तिची बाजूही घेतली नाही. तिला एवढंच म्हणाले की माग तू बघशील, पण तिचा हात तू कसा बघणार? ती खाली मान घालून गेली. मग सर साहेबांना म्हणाले की गेम चांगला आहे, पण तो बोलतो कुणाशी? त्यातली बाई ‘कृपया यंत्राच्या गतिमान भागांपासून सुरक्षित अंतर राखावे’ असं म्हणायची. आमच्या बायका ते आरती ऐकावी तसं हात जोडून ऐकायच्या आणि कळायचं काहीच नाही. सरांनी परवानगी मागितली की त्यातला आवाज मी देतो, चारी भाषांत.

आवाज भरायला शांत जागा हवी होती आणि आमच्या कारखान्यात शांत जागा एकच होती, तयार टॉवेलांचं गोदाम. चारी बाजूंना छतापर्यंत टॉवेलांचे गठ्ठे. तिथं शब्द तोंडातून निघाला की तिथल्या तिथं मुरायचा, घुमायचा नाही. मधोमध एका स्टुलावर सर, डोक्यावरून दोन मोठे टॉवेल पांघरलेले, समोर मी माईक धरून. उन्हाळ्याचे दिवस होते. सोलापूरचा उन्हाळा, त्यात टॉवेलांची खोली, त्यात डोक्यावर टॉवेल. सरांच्या नाकावरून घाम ठिबकायचा आणि ते तेलुगूत हळूहळू सांगत राहायचे की धागा तुटला तर आधी काय करायचं. तेलुगू तपासायला लक्ष्मक्का गठ्ठ्यावर बसलेली असायची. एखादा शब्द पुस्तकी वाटला की ती नुसती मान हलवायची आणि सर पुन्हा पहिल्यापासून म्हणायचे.

उत्तर बरोबर आलं की आवाज म्हणे, “बरोबर. चला पुढं.” चुकलं की मात्र सर समजावत बसायचे, चांगलं पाच-सहा वाक्यं. एवढं लांब नको, असं पुण्याची मुलं म्हणाली. सर म्हणाले, चुकलेल्याशीच बोलायचं असतंय, बरोबर आलेल्याशी काय बोलायचं? शेवटची पायरी प्रथमोपचाराची होती. जखमी माणसाजवळ बसायचं, नाव विचारायचं, कुठं दुखतंय ते विचारायचं आणि म्हणायचं, “भिऊ नको. मी हितंच हाय.” हे एक वाक्य सरांनी इतक्या वेळा भरलं की मी कंटाळले. त्यांना ते प्रत्येक वेळी खोटं वाटायचं. शेवटी एकदा जमलं, तेव्हा लक्ष्मक्कानं पदर डोळ्यांना लावला आणि आम्ही तिघंही उगीचच चहाला गेलो.

ह्या सगळ्या भाषांना सरांच्या घरात मात्र प्रवेश नव्हता. भवानी पेठेत त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. सुमनवहिनी करमाळ्याच्या, त्यांची भाषा मराठी, म्हणून घराची भाषा मराठी. सासूबाई होत्या तोवर थोडी कन्नड कानावर पडायची, त्या गेल्या आणि तीही थांबली. मुलगी लग्न होऊन नगरला. कामगारांचे फोन आले की सर बाहेर गॅलरीत जाऊन बोलायचे, कारण वहिनींना ते आवडत नसे. आपल्याला न कळणाऱ्या भाषेत आपला नवरा मोठमोठ्यानं हसतो, हे त्यांना सलायचं. आजूबाजूला सगळी तेलुगू बोलणारी घरं, पण वहिनी अभिमानानं सांगायच्या की मला त्यातलं एक अक्षर येत नाही. “कारखान्यातलं बोलणं चपलेबरोबर बाहेर ठेवायचं,” असं त्या म्हणत. आणि घरात सर फारसं बोलतच नसत. दिवसभर बोलून आलेला माणूस, जेवताना गप्प बसायचा. वहिनींची ही जुनी तक्रार होती आणि मला ती रास्त वाटायची.

निवृत्तीला थोडे महिने उरले असताना एका सकाळी पूजेच्या पाटावरच सर उजव्या अंगावर कलंडले. मेंदूत रक्ताची गाठ. दवाखान्यात वेळेवर नेलं, जीव वाचला. उजवा हात, उजवा पाय गेला. आणि बोलणं गेलं.

अगदीच गेलं नव्हतं. एक शब्द उरला होता, ‘नको’. वहिनी भात भरवायला गेल्या की नको. ताट उचलून नेलं की पुन्हा नको, आणि डाव्या हातानं कॉटवर धपाधप. हवं असलं तरी नको, नको असलं तरी नको. पोटात भूक असायची आणि तोंडातून नको यायचं. वहिनी काही बोलल्या की ते त्यांच्या ओठांकडे टक लावून बघायचे. कळतंय की नाही, ते कुणालाच सांगता येत नव्हतं. गावाहून भाऊ आले, कन्नडमध्ये बोलले. सरांच्या डोळ्यांतून पाणी आलं, ओठ हलले, शब्द आला नाही. चारी भाषांतून लोकांशी बोललेला माणूस असा पडलेला बघवत नव्हता. मी दर भेटीत लवकर उठून निघायची, खोटं कशाला सांगू.

एका सुट्टीच्या दिवशी शेडमधल्या बायका भेटायला आल्या. मीही होते. वहिनींनी त्यांना पाणी दिलं, पण तोंड आखडूनच. लक्ष्मक्का मात्र सरळ कॉटच्या कडेला जाऊन बसली आणि काहीतरी सांगायला लागली. तेलुगूत. नंतर कळलं, ती नव्या मागाच्या तक्रारी सांगत होती. बोलता बोलता थांबली. सरांचे ओठ हलत होते. “नीळ्ळु,” ते म्हणाले.

लक्ष्मक्कानं माझ्याकडे बघितलं. “पाणी मागायलेत मॅडम,” ती म्हणाली. “तेलगूत बोलायलेत की.”

वहिनींनीच पाणी दिलं. मग सर आणखी बोलले, अडखळत, तुटक, पण वाक्यं. लक्ष्मक्का हसत होती, रडत होती, उत्तरं देत होती. वहिनी रिकामं भांडं घेऊन आत गेल्या त्या बाहेर येईनात. मी आत गेले. त्या ओट्याला टेकून उभ्या होत्या. म्हणाल्या, “बघ गं. संसार माझ्याशी केला आणि बोलणं राहिलं ते कारखान्याचं.”

असं कधी कधी होतं, असं डॉक्टर म्हणाले. अनेक भाषा येणाऱ्या माणसाची एखादीच भाषा वाचते, आणि ती आईचीच असेल असं नाही. मराठी परत येईल का, ह्यावर त्यांनी हात वर केले.

मग एक विचित्र दिवसक्रम सुरू झाला. पहिली पाळी सुटली की लक्ष्मक्का भवानी पेठेत यायची आणि नवरा-बायकोच्या मधे बसायची. सर तेलुगूत सांगायचे, ती मराठीत सांगायची. वहिनी मराठीत विचारायच्या, ती तेलुगूत विचारायची. पाठीला जखम झालीये, उशी उंच आहे, मुलीला फोन केला का, बँकेचं पासबुक कुठं आहे, सगळं लक्ष्मक्काच्या तोंडून. कधी कधी ती आपल्या पदरचं घालायची. सर दोन शब्द बोलायचे आणि ती पाच मिनिटं सांगायची. वहिनींना शंका यायची की ह्यातलं त्यांचं किती आणि हिचं किती. लक्ष्मक्का कधी आजारी पडली की घरात दोन दिवस शुकशुकाट, फक्त ते ‘नको’.

एकदा मी गेले तेव्हा लक्ष्मक्का नुकतीच निघाली होती. वहिनी दार लावून माझ्यासमोर बसल्या. लक्ष्मीचे उपकार फेडता यायचे नाहीत, असं त्यांनी आधी सांगितलं. मग पदराचं टोक चुरगाळायला लागल्या.

“मला त्यांच्याशी भांडायचंय गं,” त्या म्हणाल्या. “आयुष्यभराचं साठलंय. ते निवृत्त झाल्यावर मी भांडणार होते, निवांत. आता लक्ष्मीच्या तोंडानं कसं भांडू?”

मला हसू आलं आणि लगेच लाज वाटली, कारण त्या थट्टा करत नव्हत्या. त्या दोघांना काय हवं होतं हे मला त्या दिवशी नीट कळलं. पाणी, उशी, पासबुक ह्यांची सोय झाली होती. तिसऱ्यासमोर बोलता येत नाही ते सगळं तसंच पडून होतं, आणि डॉक्टरांच्या बोलण्यावरून हातात वेळ फार नव्हता.

कारखान्यात तेव्हा जुना गेम बंद करून नवा आणायचं चाललं होतं. नव्यात माणसाचा आवाज लागत नाही. मजकूर टाकला की यंत्र हवी ती भाषा बोलतं, स्वच्छ आणि न अडखळता. चांगलंच आहे ते, मी नावं ठेवणार नाही. पण जुने टॅबलेट भंगारात जायचे होते. मी मॅनेजर साहेबांना विचारून त्यातला एक मागून घेतला, सरांचा सगळा आवाज त्यात राहील अशी व्यवस्था केली आणि वहिनींकडे नेला. तोच प्रश्न आधी मराठीत ऐकायचा, मग हे बटण दाबून तेलुगूत, असं त्यांना दाखवलं. ज्या बाईनं मोबाइलवर फोन उचलण्यापलीकडे काही केलं नव्हतं, तिनं चष्मा लावला आणि त्या हेल्मेटवाल्या मुलीकडे संशयानं बघितलं.

आवाज सुरू झाला मात्र, सरांनी मान भिंतीकडे वळवली. आपलाच धडधाकट आवाज त्यांना सोसवेना. “नको, नको,” ह्या वेळी तो शब्द खरा होता. मग वहिनी टॅबलेट घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. तिथं, भाजी निवडताना, कणीक मळताना, आवाज बारीक करून त्या शिकायला लागल्या. जो नवरा घरात जेमतेम चार वाक्यं बोलला असेल, तो आता ओट्यावरून दिवसभर त्यांना समजावून सांगत होता. त्या चुकल्या की आणखी सांगत होता. त्या मुद्दाम चुकत असाव्यात, असा मला दाट संशय आहे.

वहिनींची प्रगती लक्ष्मक्का मला कारखान्यात सांगायची. वहिनी आता सरांना दारातून आत न्यायचं असलं की तेलुगूत म्हणतात, यंत्रापासून लांब उभा राहा. खुर्ची सरकवायची असली की म्हणतात, आधी वीज बंद कर. भिंतीवरच्या सुरक्षेच्या पाटीसारखं बोलतात, ती म्हणायची, आणि सरांना अरे-तुरे करतात. गेममध्ये सर कामगाराशी तसंच बोलले होते ना, वहिनींनी तेच उचललं. लक्ष्मक्कानं सुधारायला बघितलं तर वहिनी म्हणाल्या, असू दे, मराठीत कधी जमलं नाही. उरलेलं बोलणं त्या शेजारणींकडून उचलू लागल्या. भाजीवालीशी, गिरणीवाल्याशी, ज्याच्या त्याच्याशी तेलुगूत. इतकी वर्षं ‘मला अक्षर येत नाही’ म्हणणारी ही बाई आता बोलतेय, ह्याचं पेठेला नवल वाटलं असेल, पण कुणी तिला हसलं नाही.

एका दुपारी घरात दोघंच असताना सर न्हाणीच्या दारात पडले. वहिनींना एकटीनं उचलेना. सर घाबरून डावा हातपाय झाडत होते आणि नको नको ओरडत होते. वहिनी तिथंच ओल्या फरशीवर बसल्या, त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि टॅबलेटमधलं ते ‘भिऊ नको, मी हितंच हाय’ तेलुगूत म्हणाल्या, “भयपडकु. नेनु इक्कडे उन्ना.” सर थांबले. वहिनींनी विचारलं, कुठं दुखतंय? सरांनी सांगितलं. आणि वहिनींना ते कळलं. मधे कुणी नव्हतं. संध्याकाळी त्यांनी मला फोन केला, पण नीट बोलता येईना, मधेच रडायच्या. मी फोन कानाला धरून बसले.

त्यानंतरच्या पावसाळ्यात सर गेले. दुसऱ्या झटक्यातून ते उठलेच नाहीत. त्याआधी मी एकदा जाऊन आले होते, ती आमची शेवटची भेट.

रविवारची दुपार होती. सर दारातल्या खुर्चीवर बसले होते, कपाळाला ताजं भस्म, ते वहिनींनी लावलेलं असणार कारण पट्टे थोडे वाकडे होते. शेजारच्या स्टुलावर टॅबलेट चालू होता आणि सर डोळे मिटून ऐकत होते. मराठीच लावलं होतं. धागा तुटला तर आधी काय करायचं, ते टॉवेलांच्या गोदामातले सर सावकाश सांगत होते. वहिनी आत भाकरी करत होत्या. मी सरांना कारखान्यातल्या इकडच्या तिकडच्या गोष्टी सांगितल्या. त्यांनी ऐकल्यासारखं केलं. कळल्या की नाही, माहीत नाही. मी निघायला उठले तेव्हा त्यांनी डाव्या हातानं टॅबलेटकडे बोट दाखवलं आणि माझ्याकडे बघून तेलुगूत बरंच काही बोलले.

मी सवयीनं लक्ष्मक्काला शोधलं. ती आता फक्त अधूनमधून, पाहुणी म्हणून यायची. वहिनी पिठाचे हात तसेच घेऊन दारात आल्या.

“म्हणतायत,” वहिनी मला म्हणाल्या, “आवाज बरा होता माझा. देशपांडेनं भर उन्हाळ्यात लई कष्ट घेतले.”

मी म्हटलं, त्यांना सांगा, शेडमधल्या बायका अजून त्यांचाच गेम मागतात. वहिनींनी सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं आणि उत्तर दिलं, पण ते मला नव्हतं, वहिनींना होतं. वहिनींच्या कपाळाला आठी पडली. पिठाचं बोट नाचवत त्या जोरात काहीतरी बोलल्या. सरांनीही तितकंच ठासून उत्तर दिलं. वहिनींनी पुन्हा सुनावलं, आणि ह्या वेळी सरांचं अर्धं तोंड हसलं. मग वहिनी खाली वाकल्या आणि आवाज उतरवून अगदी हळू एक वाक्य बोलल्या. सरांनी मान हलवली.

मी चपला पायात घालून थोडा वेळ उभी राहिले. पण ते काही वहिनींनी मला मराठीत सांगितलं नाही.